डबा रिकामा द्यायचा?

“डब्यात काय होतं?” हा प्रश्न मला आयुष्यात पुष्कळांनी विचारला आहे, पण ते सगळे भुकेले होते. त्या दिवशी तो विचारला आमच्या कचेरीतल्या नियमबाईंनी, म्हणजे कोण नियम मोडतंय यावर नजर ठेवणाऱ्या बाईंनी, आणि विचारण्याआधी त्यांनी उठून काचेचं दार लावून घेतलं.

“मेतकूट,” मी म्हटलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. “म्हणजे नक्की काय?”

आता मेतकूट म्हणजे नक्की काय, हे मंगळूरकडच्या बाईला इंग्रजीतून कसं सांगावं? मी दोन्ही हात कामाला लावले. डाळी अशा भाजायच्या, तांदूळ-गहू असे भाजायचे, धने, जिरं, मेथी, सुंठ, हिंग, सगळं दळायचं आणि मऊ भातावर तूप घालून वरून हे भुरभुरायचं. सांगता सांगता माझ्याच तोंडाला पाणी सुटलं. त्यांच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही.

“आणि याची बाजारातली किंमत?”

माझा आ वासला तो वासलेलाच राहिला. आईच्या मेतकुटाची बाजारातली किंमत! पण त्या वर्षी माझं तोंड इतक्या वेळा असं उघडं राहिलं होतं, की जबड्याला सवय झाली होती. नवऱ्याने तर मला सुचवलं होतं, की कचेरीत जाताना मास्क लाव, निदान लोकांना दिसणार नाही.

आधी मी या कचेरीत पोचले कशी, ते सांगते.

आमचं चामराजपेटेत भाड्याच्या भांड्यांचं दुकान होतं. आसपासचे लोक त्याला ‘पात्रे अंगडी’ म्हणत, म्हणजे भांड्यांचं दुकान. आम्ही मराठी, पण इथे कानडी मुलखात इतक्या पिढ्या मुरलेले, की पुण्याचे पाहुणे आमचं बोलणं ऐकून आधी हसतात आणि मग हळूच विचारतात, “तुम्ही मूळचे कुठले?” मूळचे इथलेच, अजून कुठले! लग्न, मुंज, बारसं, गृहप्रवेश, काहीही असो, पातेली, पराती, कढया, झारे, ओगराळी आमच्याकडून जात. दुकान वडिलांचं, त्यांच्यानंतर माझं. एकुलती एक मुलगी असल्यामुळे माहेर, दागिने आणि दुकान या तिन्हींवर माझा हक्क होता, आणि त्यातली मला झेपली ती भांडी.

वडिलांचा एक रिवाज होता. कार्यघरी जाणाऱ्या सर्वांत मोठ्या हंड्यात ते मूठभर तांदूळ टाकत. रिकामं भांडं दुकानाच्या बाहेर जायचं नाही. लोकही तसेच. कार्य उरकून भांडी परत आली, की एखाद्या पातेल्यात दोन लाडू, विड्याची पानं, केळी असं काहीतरी असायचंच. आमच्याकडे कुणाच्याही घरून आलेला वाटी-डबा रिकामा परत गेल्याचं मला आठवत नाही. घरात काहीच नसेल तर चिमूटभर साखर. मला वाटत होतं, साऱ्या जगात असंच चालतं.

आता गुंतवणुकीकडे येते. आषाढात इकडे लग्नं होत नाहीत. त्या महिन्यात दुकानात माशीही फिरकत नसे. मग मी एक हंडा पालथा घालून त्यावर बसायची आणि कंपन्यांचे वार्षिक अहवाल वाचायची. हसू नका. वडिलांनी हौसेने एका कुकरच्या कंपनीचे थोडे शेअर घेऊन ठेवले होते, तिचा अहवाल टपालाने यायचा आणि दुकानात वाचायला दुसरं काही नसायचं. वाचता वाचता गोडी लागली. पहिल्या पानावर अध्यक्षांचं पत्र बासुंदीसारखं गोड, आणि पार मागे बारीक अक्षरात कोर्टकज्जे, भाऊबंदकी, जळालेलं गोदाम! एवढा मसाला मला कुठल्या कादंबरीत मिळाला नव्हता. मग मी आणखी कंपन्यांचे अहवाल मागवू लागले, जपून थोडेथोडे शेअर घेऊ लागले. काही बुडाले, काही तरले, एखाददुसऱ्याने तर मला खुर्चीतून, म्हणजे हंड्यावरून, खाली पाडलं.

इकडे दुकान मात्र खंगत चाललं. केटररवाले स्वतःची भांडी आणू लागले, लग्नं मोठ्या कंपन्या पार पाडू लागल्या. दर वर्षी आषाढ लांबत चालला. म्हणता म्हणता बाराही महिने आषाढ झाला. तेव्हा मी, केसांना कलप लावायच्या वयात, शेअरबाजाराची रीतसर परीक्षा दिली. परीक्षेच्या हॉलमध्ये मला पालक समजून बाहेर बसवत होते.

आणि मग एक पुण्याचा तरुण दुकानात आला. महादेवपुऱ्यातल्या कुठल्याशा उंच इमारतीत त्याचा गृहप्रवेश होता आणि त्याच्या आईला पितळेचंच पातेलं हवं होतं. पातेलं बघता बघता त्याची नजर माझ्या अहवालावर गेली.

“काकू, हे तुम्ही वाचता?”

“नाही रे, यात भजी बांधते.”

“नाही म्हणजे, या कंपनीबद्दल तुमचं मत काय?”

“अध्यक्षांचे फोटो दर वर्षी वाढतायत. नफा आहे तिथेच आहे.”

तो इतका हसला, की त्याने पातेल्याच्या भाड्यात घासाघीससुद्धा केली नाही. परत करायला आला तेव्हा पातेल्यात पेढे होते आणि हातात नोकरी. त्याची छोटी गुंतवणूक कंपनी होती. धनिकांचे पैसे घेऊन ती वाढू पाहणाऱ्या खाण्यापिण्याच्या धंद्यांत घालायची. त्याला अहवाल वाचणारं आणि स्वयंपाकघर ओळखणारं माणूस हवं होतं. सहा महिने बघू, म्हणाला, जमलं तर जागा पक्की.

मी भांडी विकली. दुकानाची जागा मोबाईलची कव्हरं विकणाऱ्याने घेतली. परतीची वाट अशी बंद करून, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, मी गळ्यात ओळखपत्र अडकवलं.

आणि धक्के सुरू झाले.

पहिल्या आठवड्यात एक धंदेवाला आला. त्याने पडद्यावर स्वतःचा तोटा दाखवला. रंगीत आलेख काढून! आमच्या पेठेत तोटा झाला, तर माणूस तो बायकोलाही सांगत नसे. इथे हा पठ्ठ्या पेढे वाटायला आल्यासारखा हसत होता, आणि ऐकणारे माना डोलवत होते. मी चिठ्ठीवर लिहून शेजारी सरकवली, “याचं सांत्वन करायचं का?” दुसऱ्या आठवड्यात कळलं, की पैसे घालायच्या आधीच बाहेर कसं पडायचं ते ठरवतात. म्हणजे मुलगी बघायला गेल्यावर चहाचा घोट घ्यायच्या आत काडीमोडाची तारीख विचारायची. मी साहेबांना तसं म्हटलं. हो, तो पुण्याचा मुलगा आता माझा साहेब होता, आणि कचेरीत मला ‘मॅम’ म्हणायचा. तो म्हणाला, “मॅम, अगदी बरोबर समजलात.” त्याला वाटलं, मी शिकतेय.

मग मला स्वतंत्र काम मिळालं. शिवाजीनगरच्या (पुण्याच्या नव्हे, आमच्या इकडच्या) मागच्या गल्ल्यांत एक मायलेक साराची, सांबाराची आणि चटणीची पुडी, म्हणजे पूड, करत. मुलगा हिशेब आणि विक्री बघायचा. चव, भाजणं, दळणं सगळं आईकडे. त्यांना धंदा वाढवायला पैसे हवे होते. मी जाऊन पाहायचं, अहवाल लिहायचा, बैठकीत मांडायचा. ही बैठक माझे सहा महिने भरता भरता होती. म्हणजे त्यांचं आणि माझं, दोघांचंही भवितव्य एकाच दिवशी ठरणार होतं.

त्यांच्या कारखान्यात शिरताच मला सात-आठ शिंका आल्या. मिरचीच्या धुरातून एक उंच, साठीची बाई पुढे आली. चष्म्याला दोरी, हात कोपरापर्यंत लाल.

“बन्नी अक्का, बन्नी! ऊटा आयता?”

‘या ताई’ म्हणून जेवण झालं का, हे विचारल्याशिवाय इकडे कुणी कामाचं बोलत नाही, आणि ‘झालं’ म्हटलेलं कुणी ऐकून घेत नाही. मी जेवले. मशिनं पाहिली, हिशेब पाहिले, माल पाहिला. निघताना तिने माझ्या पिशवीत स्टीलचा एक डबा सरकवला, चटणीपुडीने गच्च भरलेला. “चवीला,” म्हणाली. आता चव पाहिल्याशिवाय अहवाल लिहायचा तरी कसा?

पुढच्या खेपेला डबा परत करायचा होता. घरात नुकतंच मेतकूट केलं होतं. आमच्या आईच्या पद्धतीचं. पिढ्यान्पिढ्या इकडे राहिल्यामुळे त्यात भाजलेला कढीपत्ता आणि ब्याडगी मिरची शिरलेली, त्यामुळे रंगाला तांबूस आणि पुण्याच्या माणसाला धर्मबाह्य. मी डबा भरला आणि नेऊन दिला. तिने बोटावर घेतलं, डोळे मिटले, उघडले आणि विचारलं, “अक्का, हे कसं करतात?”

मी सांगितलं. अगदी मेथी किती करपू द्यायची तेही सांगितलं. लपवायचं काय त्यात? तिसऱ्या खेपेला तोच डबा कोडबळ्यांनी भरून माझ्याकडे आला. कोडबळे म्हणजे आपल्या कडबोळ्यांच्या सख्ख्या बहिणी. त्या आम्ही संपवल्या आणि डबा घासून फ्रिजवर ठेवला, पुढच्या खेपेसाठी.

बैठकीचा दिवस उजाडला. मोठ्या खोलीत एका टोकाला मोठे साहेब, म्हणजे ज्यांचे पैसे सर्वांत जास्त ते. पांढरे केस, पांढरे बूट, आणि पापणीही पैसे पडत असल्यासारखी जपून हलवणारे. त्यांच्याजवळ माझा साहेब, मग नियमबाई, मग मी, इस्त्रीच्या साडीत. मी माझा अहवाल मांडला. धंदा चांगला आहे, माल चोख आहे, वाढीला जागा आहे, माझं मत ‘पैसे घालावेत’. मोठ्या साहेबांनी मान हलवली. साहेबाने टेबलाखालून मला अंगठा दाखवला. सगळं सुरळीत चाललं होतं.

मग त्या मुलाला आत बोलावलं. त्याने आपलं सादरीकरण केलं आणि शेवटी म्हणाला, “हिशेबात नुसती ‘नवी पुडी’ म्हणून दिसते, तिची चव मुद्दाम शेवटी राखून ठेवली होती.” थर्मासमधून गरम मऊ भात निघाला. कागदी वाट्या फिरल्या. वर तूप आणि एक तांबूस पूड.

वास आला, आणि मी खुर्चीत ताठ झाले. इतक्या वरच्या मजल्यावर, एसीच्या गारठ्यात, माझ्या आईचं स्वयंपाकघर येऊन उभं राहिलं होतं. मी एक घास घेतला. कढीपत्ता. ब्याडगी. किंचित करपवलेली मेथी.

मोठे साहेब वाटी चाटायच्या बेतात होते. “फारच छान! हे काय आहे?”

“आमच्या घराण्याची जुनी पाककृती,” मुलगा म्हणाला. “बाजारात आणली तेव्हापासून आमच्या बाकी सगळ्या मालाला मागे टाकलंय.”

“अय्यो!” मी ओरडले. “हे माझं मेतकूट!”

मी प्रामाणिकपणा वगैरे काही दाखवला नाही. तेवढा वेळच मिळाला नाही. धक्काच इतका होता, की तोंडातला भात आणि वाक्य एकदमच बाहेर आलं. थोडा वेळ मिळाला असता तर मी काय केलं असतं, याचा विचार मी अजूनही करत नाही.

मुलगा पांढरा पडला. “तुमचं? आईला कुणीतरी अक्कांनी शिकवलं एवढंच ती म्हणाली. त्या अक्का तुम्ही?” मग त्याला आपणच काय बोललो ते कळलं. “नाही म्हणजे, ‘घराण्याची’ असं लिहा, हे जाहिरातवाल्याने सांगितलं.”

“कुणाच्या घराण्याची, ते नाही सांगितलं?” मोठ्या साहेबांनी विचारलं.

माझ्या साहेबाने माझ्याकडे वळून पाहिलं आणि कचेरीतला ‘मॅम’ गळून पडला. “काकू,” तो हळूच म्हणाला, “काय केलंत हे?”

म्हणून मी नियमबाईंच्या खोलीत होते, आणि म्हणून दार बंद होतं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. ज्या धंद्यात पैसे घालायचे की नाही हे मी सांगणार, त्यांच्याकडून मी वस्तू घेतली. बरं घेतली ती घेतली, वर वस्तू दिली. दिली तीही अशी, की तिच्यामुळे त्यांची विक्री वाढली. विक्री वाढली म्हणून धंदा चांगला दिसला आणि धंदा चांगला म्हणून मीच शिफारस केली. त्या एकेक कडी अशी जोडत गेल्या, की माझ्या अंगावर काटा आला. बाहेरून ऐकलं असतं, तर मलाही ही बाई अट्टल वाटली असती.

“पण मी अहवाल लिहिला तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं!”

“मला ठाऊक आहे,” त्या म्हणाल्या. “इतक्या मोठ्याने ओरडण्याचं नाटक कुणाला जमत नाही.” हे कौतुक होतं की नाही, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळायची सोय नव्हती. “पण हे तुम्ही करायलाच का लागलात?”

“डबा रिकामा कसा द्यायचा?”

त्यांनी पेन उचललं. मग त्यांनी काय काय करायचं ते सांगितलं. मी लिहून द्यायचं, की या पाककृतीवर माझा हक्क नाही. या व्यवहारातून बाहेर राहायचं. निर्णय बाकीचे घेतील आणि अहवाल दुसरं कुणीतरी नव्याने लिहील. हे दोन्ही मी चटकन कबूल केलं. सही करताना आई आठवली, पण तिने तरी ते कुणाकडून उचललं होतं कोण जाणे.

“तो डबा आता कुठे आहे?”

“माझ्या फ्रिजवर.”

“परत करा. आणि मॅडम, रिकामा.”

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. एवढ्या वेळात मी घाबरले होते, शरमले होते, पण हादरले ती आता. “रिकामा?”

“काही द्यायचं नाही, काही घ्यायचं नाही. फार तर तिथे चहा, कॉफी, पाणी घेतलं तर चालेल. डबा परत केल्याचं मला कळवा. मग तुमच्या पक्क्या नोकरीच्या कागदावर सह्या होतील.”

घरी येऊन मी डबा टेबलावर ठेवला आणि समोर बसून राहिले. नवरा सरकारी कारखान्यात इंजिनियर. त्याला प्रत्येक अडचणीला उत्तर असतं, आणि ते नेमकं नको असलेलं असतं.

“एक लवंग टाक,” तो म्हणाला.

“लवंग ही वस्तू आहे.”

“साखरेचा एक दाणा.”

“वस्तू.”

“मग हवा भरून दे. आपल्या मल्लेश्वरमच्या आत्याकडची हवा मागवू का, तिच्या घरासमोर झाडं आहेत.”

“तुला चेष्टा सुचतेय! माझी नोकरी एका डब्यात अडकलीय.”

“मग दे की रिकामा. डबाच आहे तो.”

डबाच आहे! वडील असते तर जावई बदलला असता. रिकामं भांडं परत देणं म्हणजे आमच्याकडे सांगणं असतं, की झालं तेवढं बस, आता आमच्याकडे येऊ नका. ही खूण मी आयुष्यात कुणाला केली नव्हती. ज्यांनी भांडी पोचे काढून परत केली, अशा लोकांनासुद्धा नाही. आणि ज्या बाईला करायची, तिने मला पहिल्या दिवशी जेवल्याशिवाय हलू दिलं नव्हतं. रात्री मी तो डबा दोनदा पुसला.

दुसऱ्या दिवशी मेट्रोने आणि मग रिक्षाने शिवाजीनगरला गेले. डबा मांडीवर घेऊन. झाकण लावलेलं, आत काही नाही. रिक्षा उसळली की तो खण्ण वाजायचा, आणि मला वाटायचं सगळ्या रस्त्याला ऐकू जातंय.

शिंका. धूर. ती पुढे आली, पण आज ‘ऊटा आयता’ नव्हतं. तीही भ्यालेली होती. मुलाने सगळं सांगितलेलं दिसत होतं.

“अक्का, मी चोरलं असं वाटलं का हो तुम्हाला? तुम्ही सांगितलंत, मी केलं. मुलाने पाकिटात घातलं. घराण्याची म्हणून लिहिलंय, ते मला काल कळलं. चांगला झापलाय त्याला.”

“छे! चोरायचं काय त्यात? मी सही करून दिलंय, ते तुमचंच.”

“हो, तेही सांगितलं त्याने.” तिने चष्मा पुसला. “तुम्ही फुकट देऊन टाकलंत. आता मी तुमचं काय करू?” आणि आत जाऊन तिने पाकिटाचा नवा कागद आणला. ‘घराण्याची’ जाऊन तिथे ‘एका अक्कांची पाककृती’ आलं होतं, आणि चित्रात एक भरगच्च नथ घातलेली बाई हसत होती. मी आयुष्यात नथ घातलेली नाही. मला शिंका येतात.

मग काही इलाज राहिला नाही. मी डबा पुढे केला.

तिने हातात घेतला मात्र, आणि तिचा हात वर गेला. भरलेल्या डब्याच्या अंदाजाने तिने जोर लावला होता. तिने झाकण उघडलं नाही. नुसती माझ्याकडे पाहत राहिली.

“रिकामा?”

“रिकामा.”

“माझ्याकडून काय चुकलं, अक्का?”

दुकान बंद करताना मी रडले नव्हते, भांडी ट्रकमध्ये चढली तेव्हाही नाही. तेव्हा मात्र माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी त्याचं खापर मिरचीवर फोडलं. तिला सगळं सांगितलं. नियम सांगितला, नियमबाई सांगितल्या, पक्क्या नोकरीचा कागद सांगितला. ती ऐकता ऐकता अशी चकित होत गेली, की मला जरा बरं वाटलं. इतके दिवस हा चेहरा एकटीनेच वागवत होते.

“म्हणजे तुमच्या कचेरीतली माणसं कुणाच्या घरचं काही खातच नाहीत?”

“कामाच्या ठिकाणी नाही.”

“आणि तरी त्यांना कळतं कुणाला पैसे द्यायचे ते?”

मी पुन्हा शिंकले.

“कॉफी?” तिने विचारलं.

“कॉफी चालते. चहा चालतो. पाणी चालतं.”

“पाणी चालतं?” ती थांबली. मग वळली, कोपऱ्यातल्या फिल्टरकडे गेली, झाकण काढून डबा नळाखाली धरला आणि काठोकाठ भरून माझ्या हातात दिला. “घ्या, अक्का. पेला धुवायला टाकलाय.”

पेले तिच्या मागे फळीवर ओळीने पालथे होते.

आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मी डबा तोंडाला लावला आणि प्यायले. थंड होतं, तहान खरोखरच लागली होती. अर्ध्यावर थांबले. पदराने तोंड टिपलं आणि डबा तिला परत दिला, अर्धा पाण्याने भरलेला.

“सरी,” म्हणजे ‘ठीक’, ती म्हणाली आणि झाकण घट्ट लावून तो डबा तिने फळीवर, आपल्या इतर डब्यांच्या रांगेत ठेवला.

कचेरीत जाऊन मी नियमबाईंना जसं घडलं तसं सांगितलं. लपवण्यात आपण कच्च्या, हे त्या बैठकीतच कळलं होतं. डबा दिला तेव्हा रिकामा होता. मग त्यात पाणी घेतलं, पाणी चालतं. सगळं प्यायले नाही. उरलेल्या पाण्यासकट डबा मालकिणीकडे गेला.

त्यांनी सगळं लिहून घेतलं. माझ्या नोकरीचा कागद त्यांच्या कोपराखाली होता. साहेबाची सही झालेली दिसत होती, त्यांची जागा कोरी होती.

“पाणी कुठलं होतं?” त्यांनी विचारलं. “बोअरवेलचं की नळाला येणारं, कावेरीचं?”

“कावेरीचं असावं.”

“मग त्याची किंमत लावायला हवी,” त्या गंभीरपणे म्हणाल्या. “आमच्या इमारतीत चार दिवस आलेलं नाही.”

माझं तोंड पुन्हा उघडं राहिलं. तेव्हा त्या बाई हसल्या, त्या कचेरीत पहिल्यांदाच, अगदी खांदे हलेपर्यंत. आणि हसता हसताच त्यांनी कागद ओढून सही केली.